एबेनच्या नावावरचे टाके

एबेन या नावातल्या सगळ्या फुल्या उलट्या होत्या.

फुलीच्या टाक्यात दोन तिरके टाके एकमेकांवर येतात. आधी एक घालायचा, मग त्याला छेदून दुसरा. वरचा टाका उजवीकडे झुकणार की डावीकडे, हे भरणारीच्या हाताच्या सवयीवर अवलंबून असतं, आणि ती सवय एकदा लागली की सहसा बदलत नाही. आपल्याकडे दोसुतीवर भरलेला कुठलाही जुना रुमाल पाहिला तरी हे दिसेल. माझ्यासमोरच्या कापडावर वरचा टाका सगळीकडे उजवीकडे झुकला होता. मुळाक्षरांत, अंकांत, सफरचंदाच्या झाडात, झाडाखालच्या दोन मेंढरांत आणि खाली ओळीनं भरलेल्या घरातल्या माणसांच्या नावांत. फक्त एबेनच्या नावात तो डावीकडे झुकत होता. मी कापड चुकून आडवं ठेवलंय की काय, म्हणून पुन्हा तपासलं. कापड सरळच होतं.

ही १९८५ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या, लहान बंदराच्या गावात मी राहत होते. तिथल्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जुन्या कापडांच्या रंगांचं रासायनिक परीक्षण करणं हे माझं काम. समोरचं कापड सबमिट क्रोवेल नावाच्या मुलीनं १८०६ साली, वयाच्या बाराव्या वर्षी भरलेलं होतं. त्या काळी तिकडे मुली अक्षरं आणि सुई एकदमच शिकत. असा एक नमुन्याचा तुकडा पुरा झाला, की तो चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावत. क्रोवेलांच्या घरी त्या तुकड्यावर घरातल्यांची नावंही होती. जिवंत माणसाचं नाव निळ्या रेशमानं भरलेलं असे. माणूस गेलं, की निळे टाके उसवायचे आणि त्याच भोकांतून काळ्या रेशमानं नाव पुन्हा भरायचं, शेजारी साल घालायचं. हे काम सबमिटकडेच असे, अगदी मोठेपणीही.

काळ्या रेशमाचा एक दोष आहे. तो रंग मायफळ आणि हिराकस यांपासून करत, आणि हिराकशीतलं लोखंड हळूहळू रेशीम खाऊन टाकतं. त्यामुळे जे गेले त्यांची नावं आता नव्हतीच. राहिली होती नुसती भोकं आणि त्यांच्याभोवतीचा तपकिरी डाग. ती उजेडासमोर धरून वाचावी लागत. निळी नावं दोनच उरली होती. एक सबमिटचं स्वतःचं, कारण तिच्यामागे ते काम कोणी हाती घेतलं नाही. दुसरं तिच्या थोरल्या भावाचं, एबेनचं.

मिसेस ॲबट दर गुरुवारी येत. त्या सबमिटच्या पणतीची मुलगी. एक्याऐंशीच्या होत्या, गाडी स्वतः चालवत आणि फाटकाच्या खांबाला घासूनच आत आणत. कापड संग्रहालयाला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं, पण एका अटीवर.

"काय म्हणतोय आमचा एबेन?" त्या कोट न काढताच विचारायच्या. "जिवंत की मेलेला?"

"अजून सांगता येत नाही."

"पावणेदोनशे वर्षं झाली, डॉक्टर. आता तरी सांगता यायला हवं."

एबेन १८०९ साली जहाजावर गेला. जहाज पुन्हा कुणाला दिसलं नाही. मिसेस ॲबटच्या आजीच्या म्हणण्याप्रमाणे तो काही वर्षांनी परत आला होता. वडिलांच्या मते ही थाप होती. पण नाव तर निळं होतं. त्यांच्या घरी पाहुण्यांना ते दाखवायची पद्धतच होती.

"आमच्या बैठकीतला हा एकटाच पुरुष कधी मेला नाही," त्या म्हणाल्या. "खाली कार्डावर काय लिहिणार तुम्ही? हरवला की परत आला? ते मला कळलं, की मी सही करते."

मी म्हणाले, "रंग तपासून जेवढं कळतं तेवढंच मी सांगू शकते."

"तेवढंच सांगा. पण जरा माझ्या हयातीत."

रविवारी सकाळी मी मिरजेला फोन लावत असे. आमच्या घरी फोन नव्हता, खालच्या मजल्यावर बेडगकरांकडे होता. ठरलेल्या वेळी आई आणि नलिनीवहिनी तिथे येऊन बसत. बेडगकरकाकू दाराशी उभ्या असत आणि त्यांचे प्रश्न आईच्या प्रश्नांत मिसळत.

"थंडी पडली का गं?" आईनं विचारलं.

मागून काकूंचा आवाज आला, "बर्फ पडलं का विचारा."

"बर्फ नाही अजून," मी म्हणाले. "तुझे गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय होतंय. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नव्वदी गाठणार." मग आई म्हणाली, "माणिक, देशमानेसरांचं कराडला ठरलं. हेडमास्तर म्हणून. दिवाळीनंतर जातील."

"हं."

"तुझी वहिनी काही बोलत नाही. पण मला दिसतं ना. मी म्हटलं तिला, माणिक काय सांगते ते बघू. ती सांगेल ते मला मान्य."

माझा मोठा भाऊ दिगंबर, म्हणजे दादा, सिक्कीममध्ये पुलाच्या कामावर इंजिनिअर होता. नऊ वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांची जीप तिस्ता नदीत कोसळली. बरोबरचे तिघं खाली वाहत गेलेले सापडले. दादा सापडला नाही. मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते. काकांबरोबर मीच तिथे गेले. आठवडाभर आम्ही काठाकाठानं हिंडलो. परत आल्यावर आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "आई, काही सापडलं नाही." मी जे पाहिलं होतं ते एवढंच होतं. पुढे तेच वाक्य आईनं धरून ठेवलं. कोणी काही सुचवलं, की ती म्हणे, "माणिक स्वतः जाऊन आली आहे. ती पुराव्याशिवाय बोलत नाही. काही सापडलेलं नाही."

वहिनी तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. आईबरोबर राहत, कन्याशाळेत गणित शिकवत. कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, सगळं होतं. आई त्यांना उतरवू देत नव्हती. संक्रांतीला घरी हळदीकुंकूही होई. गल्लीतल्या काही बायका त्यांना सवाष्ण म्हणून जेवायला बोलवत. काही नेमक्या त्याच दिवशी त्यांना टाळत. एकीनं तर बोलावलं आणि ताट वाढताना शेजारणीनं कानात काहीतरी सांगितलं म्हणून पाट आतल्या खोलीत नेला. वहिनींनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. "मी गणितातला एक्स झालेय, वन्सं," त्या म्हणाल्या होत्या. "किंमत कोणी काढत नाही."

देशमानेसर त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवत. विधुर होते, एक मुलगी होती. त्यांनी वर्षापूर्वी वहिनींना विचारलं होतं. वकिलांचं म्हणणं, सात वर्षं होऊन गेली आहेत, आईनं कोर्टात हरकत घेतली नाही तर काम होईल. आईचं म्हणणं, बारा वर्षं वाट पाहायची असते. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याआधी नाही. आणि बारानंतर तरी काय, हे ती सांगत नसे. शेवटी तिनं ते माझ्यावर टाकलं. मी गेले आठ महिने "बघू" म्हणत होते.

"वहिनींना दे," मी म्हणाले.

"बोला वन्सं."

"सर काय म्हणतात?"

"ते काही म्हणत नाहीत. दिवाळीपर्यंत कळवा म्हणाले, एवढंच." मग आवाज खाली आणून, "मी घाई करत नाहीये हं. तुम्ही थांबा म्हणालात तर थांबते. आईंच्या डोळ्यांदेखत नको असेल, तर नको."

"पुढच्या रविवारी बोलू," मी म्हणाले.

मागे काकू म्हणत होत्या, "तिचा घसा बसलाय का हो? विचारा जरा."

सोमवारी मी एबेनच्या नावाखालचं कापड पाहिलं. निळ्या धाग्याला हात न लावता दोन टाक्यांच्या मधून आत पाहता येतं. कापडाचे धागे तपकिरी होते. बाकीच्या मेलेल्यांच्या नावांखाली होता तसाच डाग, आणि भोकांच्या कडांना काळ्या रेशमाची बारीक भुकटी. म्हणजे निळ्याच्या आधी तिथे काळं होतं. एबेन मेला असं एकदा भरलं गेलं होतं. मग ते उसवून कोणीतरी निळं भरलं.

गुरुवारी मी हे सांगितलं तेव्हा मिसेस ॲबट खुर्चीत मागे टेकल्या.

"म्हणजे आला होता परत."

"काळं उसवून निळं भरलं, एवढं नक्की."

"तेच मी म्हणतेय. मेलेल्याचं नाव कोण निळं करतं? दार वाजलं असणार, हा उभा असणार. आजीचंच खरं." त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि न वापरता परत ठेवला. "डॉक्टर, तुम्हाला आनंद झालेला दिसत नाही."

मला आनंद झाला होता. तो कशाचा, हे मला समजत नव्हतं. त्या आठवड्यात प्रयोगशाळेतून घरी जाताना मी दादाचा विचार करत होते आणि तो विचार वेगळ्याच वाटेनं जात होता. तिस्तेच्या पलीकडच्या काठाला गावं आहेत. डोक्याला मार लागलेली माणसं नाव विसरतात. असं कुठे कुठे झालेलं आहे. मी मला न शोभणारी वाक्यं मनात जुळवत होते. आईला म्हणावं, बारा वर्षं होऊ दे. तीनच तर राहिली आहेत.

रविवारी मी ते म्हणणारही होते. पण आईनं सांगितलं, की वहिनींना शाळेत चक्कर आली होती, विशेष काही नाही, त्या झोपल्या आहेत. मग मी काहीच बोलले नाही.

शिवाय त्या फुल्या उलट्या होत्या. एबेन परत आला असेल, तर नाव निळं करायचं काम सबमिटचं होतं. तिनं ते केलं नव्हतं. दुसऱ्याच कोणीतरी केलं होतं.

"घरात डावखुरं कोणी होतं का?" मी मिसेस ॲबटना फोनवर विचारलं.

"मला काय माहीत? तेव्हा डावखुऱ्यांना मारून उजवं करत."

"घरातल्या बायकांनी भरलेलं दुसरं काही आहे तुमच्याकडे? काहीही चालेल."

"चादरी आहेत. उंदरांनी सोडल्या त्या."

मिसेस ॲबट घरातल्या तिघी-चौघी बायकांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे घेऊन आल्या. तेव्हाच्या मुली अक्षरं भरायला शिकत त्याचा खरा उपयोग हा होता. घरातला प्रत्येक कपडा धुवायला जाण्याआधी त्याच्या कोपऱ्यात नाव भरून ठेवायचं, म्हणजे अदलाबदल होत नाही. मी एकेक कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली धरत गेले. सबमिटच्या चादरीवर फुल्या सरळ होत्या. पेशन्स नावाच्या बाईच्या अभ्र्यावरही सरळ.

"ही पेशन्स कोण?"

"एबेनची बायको. तो गेला तेव्हा वर्षभराचंच लग्न होतं. ती शेवटपर्यंत त्याच घरात राहिली."

हॅना क्रोवेल हिच्या चादरीवर फुल्या उलट्या होत्या. सगळ्या.

"हॅना म्हणजे आई," मिसेस ॲबट म्हणाल्या. त्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "एबेनची आणि सबमिटची. म्हणजे निळं आईनं भरलं?"

"हाताची सवय तिचीच आहे."

"बरोबरच आहे. मुलगा घरी आला. ती म्हणाली असेल, आण ती सुई, मीच भरते."

"किंवा तो आला नसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काहीही जुळवलं, की तुम्ही ते लगेच उसवता."

मला वाद घालायचा नव्हता. दोन्ही गोष्टींत टाके सारखेच पडले असते. आनंदानं भरलेली फुली आणि हट्टानं भरलेली फुली यांत मोजता येईल असा फरक नसतो. मी दिवसभर त्या नावाकडे पाहत बसले आणि संध्याकाळी मला कळेना, की मी नक्की काय शोधतेय.

मग मला निळ्याच्या वरची भुकटी दिसली.

आतापर्यंत मी खालच्या थराकडेच पाहत होते. वरची काळी कणी मला धूळ वाटली होती. ती धूळ नव्हती. ती रेशमाची होती आणि टाक्यांच्या माथ्यावर, जिथे फुलीचे दोन हात एकमेकांना छेदतात तिथे, अडकून राहिली होती. म्हणजे आईच्या निळ्यावर पुन्हा काळं भरलेलं होतं. या वेळी निळं न उसवता, त्याच्यावरूनच. पुढे ते काळं कुजून गळून गेलं आणि खालचं निळं आपोआप वर आलं. क्रोवेलांच्या घरी चार पिढ्या पाहुण्यांना जे दाखवत आल्या ते एवढंच होतं.

मी वरची भुकटी तपासली. तिच्यात लोखंडाबरोबर तांबं होतं. इतर नावांच्या काळ्या रेशमात तांबं नव्हतं, खालच्या थरातही नव्हतं. कापडावरच्या सगळ्या नावांत तांबं असलेलं दुसरं एकच नाव सापडलं. हॅनाचं. दोन्हीचं प्रमाण जुळत होतं. धागा एकाच लडीतला असावा. सबमिटनं आईचं नाव काळं केलं, आणि बहुधा त्याच बैठकीत भावाचंही.

मिसेस ॲबटना हे सांगायला गुरुवारपर्यंत थांबायची गरज पडली नाही. त्या बुधवारीच आल्या आणि म्हणाल्या, "चला, त्यांना भेटून येऊ. इथे दिव्याखाली बसून तुमचा रंग उडालाय."

कब्रस्तान गावाबाहेरच्या टेकडावर होतं. पानं पडून गेली होती आणि ऊन स्वच्छ होतं. पाटीच्या दगडाचे पातळ काळसर दगड ओळीनं उभे होते. मिसेस ॲबट काठीनं वाट करत पुढे जात होत्या.

"ही हॅना. १८४१. चांगली जगली, नव्वदीला टेकली होती." काठी पुढच्या दगडाला टेकली. "ही सबमिट. हिच्या नावानं मला लहानपणी चिडवायचे, कारण मधलं नाव माझंही तेच. सबमिट म्हणजे शरण जा. मुलींची नावं अशी ठेवायचे तेव्हा. शरण जा, धीर धर, उपकार मान."

"आणि एबेन?"

"त्याला दगड नाही. कसा असणार? पेशन्स ही इथे."

पेशन्सचा दगड थोडा कलला होता. मी खाली बसून वाचला. 'पेशन्स, एबेन क्रोवेल यांची पत्नी. १८३८.'

"पत्नी लिहिलंय," मी म्हणाले.

"मग काय लिहिणार? त्या काळी विधवेच्या दगडावर वेगळा शब्द घालत. हिला कोणी विधवा म्हटलंच नाही. सासूनं काळा कपडा घालू दिला नाही म्हणतात. जेवायला त्याचं ताट मांडायची ही, रोज."

"हिनं पुन्हा लग्न केलं नाही?"

"कसं करणार? हिचं झालेलंच होतं."

मी उठून उभी राहिले आणि भुकटीचं काय निघालं ते त्यांना सांगितलं. खाली काळं, मग आईचं निळं, मग पुन्हा सबमिटचं काळं, आईच्या नावाबरोबरच. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्या दगडांकडे पाहत राहिल्या. हॅनाकडून पेशन्सकडे, परत हॅनाकडे.

"म्हणजे तो परत आला नाही."

"तसं म्हणता येत नाही. येऊन पुन्हा गेला असेल. नंतर कुठून बातमी आली असेल."

"नेमकी आई मेली तेव्हाच?"

मी पेशन्सच्या दगडावरचं वाळलेलं पान झटकलं.

"डॉक्टर, तुम्ही घरीही असंच बोलता?"

"हो," मी म्हणाले.

"सबमिटला पहिल्यापासून वाटत होतं तो गेला म्हणून. तिनंच आधी काळं भरलं होतं ना? आईनं ते उसवलं. मग ही गप्प बसली." त्या बोटांवर काहीतरी जुळवत होत्या. "बत्तीस वर्षं. म्हातारी जाईपर्यंत. आणि त्याआधी तीन वर्षं ही गेली." काठीचं टोक पेशन्सच्या दगडावर वाजलं. "हिच्यासाठी भरायचं, ते हिच्यामागे भरलं."

वारा होता. त्यांनी स्कार्फ हनुवटीखाली ओढून बांधला.

"आईला दुखवायचं नसेल तिला," मी म्हणाले.

"तेच तर. फार चांगली मुलगी होती. आमच्या घरात सगळे तिचं कौतुक करतात. कुणीतरी त्या म्हातारीला सांगायला हवं होतं."

"पण काय सांगणार? कोणाला काही माहीतच नव्हतं."

"माहीत कशाला असायला हवं?" मिसेस ॲबट म्हणाल्या. "घरात एक बाई रोज ताट मांडतेय हे तर सगळ्यांना दिसत होतं."

परत येताना त्या पुन्हा काठीनं वाट करत पुढे चालल्या. फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "कार्डावर एबेनचं काही लिहू नका. सबमिटनं काय केलं तेवढं लिहा. सही करते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी ऑपरेटरला मिरजेचा नंबर दिला. रविवार नव्हता. मी कामावर जायचे कपडे घालून फोनशेजारी बसले. एकदा लाईन तुटली. दुसऱ्यांदा बेडगकरकाकूंनी फोन उचलला आणि माझा आवाज ओळखला तशा त्या घाबरल्या.

"काय झालं गं बाई? आज कसा काय?"

"काही नाही, काकू. आईला बोलावता का? आणि वहिनींनाही."

"नलू शाळेतून आत्ताच आलीय. थांब. अहो, वरती हाक मारा आधी, माणिकचा फोन आलाय म्हणावं, आत्ताच्या आत्ता या म्हणावं." मग पुन्हा माझ्याशी, "तुझी तब्येत बरी आहे ना? खरं सांग."

"बरी आहे."

जिन्यावर पावलं वाजली. आधी हलकी, भराभर. मग आईची, एकेका पायरीवर थांबत. वहिनींनी फोन घेतला. "वन्सं?" त्या एवढंच म्हणाल्या, आणि मागे आईचा आवाज आला, "दे, माझ्याकडे दे."

आईला धाप लागली होती. आमच्याकडे आडवारी आलेल्या ट्रंककॉलचा एकच अर्थ होता आणि तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता.

"माणिक. कोण गेलं?"

"दादा," मी म्हणाले.

पलीकडे कोणी बोललं नाही. काकूही नाहीत.

"सापडला?" आईनं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"नाही. काही सापडलं नाही. सापडणारही नाही."

"मग कसं म्हणतेस तू?"

"मी म्हणतेय, आई. दादा गेला. तू कोर्टात हरकत घ्यायची नाहीस. मी दिवाळीला येते, आणि नलिनीवहिनींचं लग्न आपण आपल्या घरातून करून द्यायचं."